सामायिक संगणकावरच्या फाइल परवानग्या आणि ग्रुप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका मशीनवर दहा-बारा जणांची खाती, सगळ्यांचं मिळून एक काम, आणि दर दोन दिवसांनी कुणाची तरी फाइल कुणाला तरी उघडत नाही. अशी मशीन मी बरीच वर्षं सांभाळते आहे. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. सगळं लिनक्सला धरून आहे. मॅक आणि विंडोजबद्दल शेवटाकडे थोडं आहे.

कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. ‘सीएचमॉड’ म्हणजे सी, एच आणि पुढे मॉड. टाइप करताना सगळी रोमन लहान अक्षरं. मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगितलं आहे. उदाहरणांत फोल्डरचं नाव ‘नकाशे’ आणि ग्रुपचं नाव ‘नकाशागट’ धरलं आहे.

‘परमिशन डिनाइड’ आलं. शोध कुठून सुरू करू?

तीन गोष्टी याच क्रमानं बघा. आधी ‘आयडी’ ही कमांड द्या. तुम्ही कोण आहात आणि या क्षणी कोणकोणत्या ग्रुपमध्ये आहात ते ती सांगते. मग ‘एलएस -एल’ देऊन फाइलचा मालक, ग्रुप आणि परवानग्या बघा. तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात: त्या फाइलपर्यंतची वाट. फाइल सगळ्यांना खुली असली, तरी वाटेतल्या एखाद्या फोल्डरमधून तुम्हाला जाता येत नसेल तर ती तुमच्यासाठी बंदच. ‘नेमआय -एल’ आणि पुढे फाइलचा पूर्ण पत्ता दिला, की वाटेतल्या प्रत्येक फोल्डरच्या परवानग्या एकाखाली एक दिसतात. नेमआय म्हणजे एन, ए, एम, ई, आय. माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच या एका कमांडनं सुटल्या आहेत, कारण दोष समोरच्या फाइलमध्ये नव्हता, दोन पायऱ्या वरच्या फोल्डरमध्ये होता.

‘एलएस -एल’च्या पहिल्या रकान्यातली अक्षरं कशी वाचायची?

पहिलं अक्षर प्रकार सांगतं: रेघ असेल तर साधी फाइल, ‘डी’ असेल तर फोल्डर, ‘एल’ असेल तर सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी खूण. पुढे तीन-तीन अक्षरांचे तीन गट येतात: मालक, ग्रुप, बाकीचे. प्रत्येक गटात आर म्हणजे वाचणं, डब्ल्यू म्हणजे लिहिणं, एक्स म्हणजे चालवणं. रेघ असेल तर ती परवानगी नाही. आकड्यांत आर ४, डब्ल्यू २, एक्स १. त्यांची बेरीज केली की ६४० सारखा आकडा मिळतो: मालकाला वाचता-लिहिता येतं, ग्रुपला फक्त वाचता येतं, बाकीच्यांना काहीच नाही.

या दहा अक्षरांनंतर अधिकचं चिन्ह दिसलं, तर त्या फाइलवर एसीएलचे, म्हणजे ठरावीक खात्यांसाठी वा ग्रुपांसाठी लिहिलेल्या जादा परवानग्यांच्या यादीचे, वेगळे नियमही आहेत. टिंब दिसलं तर ती एसईलिनक्स या जादा सुरक्षा-व्यवस्थेची खूण. तिची काळजी नको.

सिमलिंकवर नेहमी सगळ्या परवानग्या दिसतात. त्याला अर्थ नाही, खरी परवानगी मूळ फाइलची.

मी फाइलची मालक आहे आणि ग्रुपमध्येही आहे. ग्रुपला लिहिता येतं, मला मात्र नाही. हे कसं?

कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तिन्ही गटांची बेरीज करत नाही. तुम्ही मालक आहात का, हे आधी बघतो. असाल तर फक्त मालकाची तीन अक्षरं लागू, पुढे बघणं थांबलं. मालक नसाल तर ग्रुप, तोही नसेल तर बाकीचे. म्हणून ०६० अशी फाइल ग्रुपमधल्या सगळ्यांना उघडते आणि मालकाला उघडत नाही. मालकाला परवानगी बदलण्याचा हक्क मात्र कायम असतो, तेव्हा ‘सीएचमॉड यू+आरडब्ल्यू’ दिलं की काम झालं.

हाच नियम उलट बाजूनं वापरताही येतो. एखाद्या ग्रुपला सोडून बाकी सगळ्यांना फाइल दाखवायची असेल, तर फाइल त्या ग्रुपच्या नावे करून ग्रुपची अक्षरं कोरी ठेवायची, म्हणजे ६०४. क्वचित लागतं, पण लागतं तेव्हा याहून सोपा उपाय नाही.

फोल्डरवर वाचणं, लिहिणं, चालवणं म्हणजे नेमकं काय?

सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे, म्हणून जरा सावकाश.

फोल्डर ही नावांची यादी आहे. प्रत्येक नावापुढे एक क्रमांक असतो, आणि खरी फाइल, तिचा मालक, तिच्या परवानग्या हे सगळं त्या क्रमांकापाशी साठवलेलं असतं. त्या नोंदीला आयनोड म्हणतात. म्हणजे फाइलच्या परवानग्या फाइलच्या नावाला चिकटलेल्या नसतात. एकाच फाइलला दोन फोल्डरांत दोन नावं असली, ज्याला हार्डलिंक म्हणतात, तर एका नावावरून परवानगी बदलली की दुसरीकडूनही ती बदललेली दिसते.

आता अक्षरं. फोल्डरवर आर असेल तर यादी वाचता येते, म्हणजे आत कोणती नावं आहेत ते कळतं. एक्स असेल तर त्या फोल्डरमधून पुढे जाता येतं, आतल्या फाइलपर्यंत पोचता येतं. डब्ल्यू असेल तर यादी बदलता येते: नवं नाव घालणं, जुनं खोडणं, नाव बदलणं. एक्स नसेल तर नुसत्या डब्ल्यूचा उपयोग नाही.

आर आहे पण एक्स नाही, अशा फोल्डरमध्ये ‘एलएस -एल’ दिलं तर नावं दिसतात आणि बाकी सगळीकडे प्रश्नचिन्हं येतात. डिस्क बिघडली असं वाटून लोक घाबरतात. डिस्क ठीक असते. उलट, एक्स आहे पण आर नाही, अशा फोल्डरमधली फाइल नाव माहीत असेल तर उघडते, यादी मात्र मिळत नाही.

माझी फाइल फक्त मला लिहिता येते, ग्रुपला नुसती वाचता येते. तरी सहकाऱ्यानं ती डिलीट केली. कशी?

वरचं उत्तर वाचलं असेल तर हे सरळ आहे. डिलीट करणं म्हणजे यादीतलं नाव खोडणं. यादी फोल्डरची असते, आणि त्या फोल्डरवर ग्रुपला डब्ल्यू आहे. फाइलच्या परवानगीला इथे कुणी विचारतच नाही. ‘आरएम’ कमांड एकदा विचारून घेते, ते तिचं सौजन्य.

हे रोखायचं असेल तर फोल्डरवर स्टिकी बिट लावा: ‘सीएचमॉड +टी नकाशे’. मग नाव खोडणं किंवा बदलणं फक्त त्या फाइलच्या मालकाला, फोल्डरच्या मालकाला आणि रूटला, म्हणजे सगळे हक्क असलेल्या ॲडमिन खात्याला, जमतं. ‘/टीएमपी’ हे फोल्डर १७७७ असतं ते याचसाठी. हा बिट १९७४ साली युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीत आला तेव्हा त्याचं काम अगदी निराळं होतं: प्रोग्राम संपल्यावरही त्याचा मजकूर स्वॅपमध्ये, म्हणजे मेमरीला पूरक अशा डिस्कवरच्या जागेत, चिकटून राहावा, म्हणजे पुढच्या वेळी तो लवकर सुरू होईल. फोल्डरसाठीचा आजचा अर्थ १९८६ च्या ४.३ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीपासूनचा. नाव तेवढं राहिलं.

एक सावधगिरी. सगळे मिळून एकाच फाइलवर काम करतात अशा फोल्डरला मी स्टिकी बिट लावत नाही. अनेक एडिटर सेव्ह करताना नवी फाइल लिहून ती जुनीच्या जागी नाव बदलून ठेवतात. स्टिकी बिट असेल तर दुसऱ्याच्या फाइलबाबत हे अडतं, आणि सेव्ह का होत नाही हे कुणालाच उमगत नाही. फाइली नुसत्या आणून टाकायच्या फोल्डरला मात्र तो जरूर लावावा.

सामायिक फोल्डर मुळापासून नीट कसं उभारायचं?

ॲडमिनचे हक्क असलेल्या खात्यातून, प्रत्येक ओळीआधी ‘सुडो’ (रूटच्या हक्कांनी कमांड चालवणारी कमांड) लावून:

‘ग्रुपॲड नकाशागट’ देऊन ग्रुप करा. प्रत्येक सदस्यासाठी ‘यूजरमॉड -एजी नकाशागट’ आणि पुढे त्याचं खातं. यातला जी मोठा, ए लहान. ‘एमकेडीआयआर’नं फोल्डर करा, पण कुणाच्या होममध्ये, म्हणजे खात्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, नको, ‘/एसआरव्ही’च्या आत करा. मग ‘सीएचजीआरपी नकाशागट नकाशे’ आणि शेवटी ‘सीएचमॉड २७७० नकाशे’.

त्या २७७० मधला पहिला २ म्हणजे सेटजीआयडी बिट. सगळी मदार त्याच्यावर आहे. तो नसेल तर नवी फाइल ती करणाऱ्याच्या प्राथमिक ग्रुपच्या (खात्याला मुळातच जोडलेल्या ग्रुपच्या) नावे होते, आणि बऱ्याच लिनक्स वितरणांत प्रत्येकाचा प्राथमिक ग्रुप त्याचा एकट्याचा असतो. म्हणजे फाइल सामायिक फोल्डरमध्ये असूनही तिचा ग्रुप एकट्या माणसाचा. सेटजीआयडी असेल तर नवी फाइल फोल्डरचा ग्रुप घेते, आणि आत केलेल्या नव्या फोल्डरलाही तो बिट आपोआप लागतो.

होममध्ये का नको? कारण मग बाकी सगळ्यांना त्या माणसाच्या होममधून जाऊ द्यावं लागतं, आणि तो माणूस गेला की फोल्डरही अधांतरी होतं. हा सल्ला लोक सर्वांत जास्त डावलतात, आणि निस्तरायला सर्वांत जास्त वेळ त्याच चुकीला लागतो.

नंतर कुणी ‘सीएचमॉड ७७०’ दिलं तरी लिनक्सवरची सीएचमॉड फोल्डरचा सेटजीआयडी बिट काढत नाही. काढायचाच असेल तर ‘जी-एस’ असं स्पष्ट सांगावं लागतं.

यादीत ‘एस’ किंवा ‘टी’ मोठं दिसलं तर समजा, बिट आहे पण त्या जागचा एक्स नाही. ग्रुपच्या जागी मोठा एस दिसला तर चूक आहे, ग्रुपला आत जाता येणार नाही. ३७७० (सेटजीआयडी आणि स्टिकी बिट दोन्ही) असलेल्या फोल्डरच्या शेवटी मोठा टी दिसतो, ते मात्र बरोबर आहे. बाहेरच्यांना एक्स द्यायचाच नव्हता.

सेटजीआयडी लावलं, ग्रुपही बरोबर आला, तरी सहकाऱ्याला फाइल फक्त वाचता येते. का?

यूमास्कमुळे. सेटजीआयडी फाइल कुणाच्या नावे होईल ते ठरवतो. तिच्यावर काय करता येईल ते ठरवत नाही.

प्रोग्राम नवी फाइल करताना साधारणपणे ६६६ मागतो, फोल्डरसाठी ७७७. यूमास्कमध्ये जे बिट आहेत ते त्यातून काढले जातात. ०२२ असेल तर फाइल ६४४ होते, म्हणजे ग्रुपला लिहिता येत नाही. ००२ असेल तर ६६४. ०७७ असेल तर ६००. ही वजाबाकी आहे असं शिकवलं जातं, पण ती वजाबाकी नाही: प्रोग्रामनं ६०० च मागितलं तर ०२२ नं त्यातून काहीच कमी होत नाही, आणि कोणताही यूमास्क त्यात काही वाढवू शकत नाही.

तेव्हा सामायिक काम करणाऱ्यांचा यूमास्क ००२ असावा. प्रत्येकाचा प्राथमिक ग्रुप स्वतंत्र असेल तर यात धोका नाही, कारण सामायिक फोल्डरच्या बाहेर ‘ग्रुपला लिहिता येतं’ म्हणजे ‘मला एकट्यालाच लिहिता येतं’. मुळात एकट्याचे ग्रुप देण्याची पद्धत आली ती यासाठीच. मात्र सगळ्यांचा प्राथमिक ग्रुप एकच असेल, तर ००२ नं प्रत्येकाच्या खासगी फाइलीही सगळ्यांना लिहिण्यासाठी खुल्या होतात. आधी ‘आयडी’ देऊन बघा, मगच बदला.

प्रत्येकाचा यूमास्क बदलणं माझ्या हातात नाही. दुसरा मार्ग?

डीफॉल्ट एसीएल. ‘सेटएफएसीएल -डी -एम जी:नकाशागट:आरडब्ल्यूएक्स नकाशे’ ही ओळ द्या, इथे सगळी अक्षरं लहान. आता या फोल्डरमध्ये नव्यानं होणाऱ्या फाइलींना यूमास्क लागत नाही. डीफॉल्ट एसीएलमधलेच नियम लागतात, आणि आतल्या नव्या फोल्डरमध्येही ते पुढे जातात. आधीपासून असलेल्या फाइलींवर याचा परिणाम नाही. त्यांच्यासाठी ‘-डी’ न देता वेगळी कमांड द्यावी लागते. बघायचं असेल तर ‘गेटएफएसीएल’.

यात एक खाच आहे. एसीएल लागला, की ‘एलएस -एल’मध्ये ग्रुपच्या जागी दिसणारी तीन अक्षरं ग्रुपची राहत नाहीत, ती मास्कची होतात. मास्क म्हणजे मालक आणि बाहेरचे सोडून बाकी सर्वांना मिळू शकणाऱ्या परवानगीची कमाल मर्यादा. कुणी सहज ‘सीएचमॉड ६४४’ केलं की मास्क नुसत्या वाचण्यावर येतो आणि एसीएलमध्ये आरडब्ल्यूएक्स लिहिलेलं असूनही लिहिता येत नाही. गेटएफएसीएल अशा ओळीपुढे ‘इफेक्टिव्ह’ असं लिहून खरी परवानगी दाखवतो. ती शेरेवजा खूण वाचायची सवय लावा.

एकाच फोल्डरमध्ये एका ग्रुपला लिहायचं आणि दुसऱ्याला फक्त वाचायचं, असं असेल तरीही एसीएलच लागतो. साध्या परवानग्यांत एका फाइलला एकच ग्रुप.

मला ग्रुपमध्ये घातलं आहे म्हणतात, पण अजून आत जाता येत नाही.

पूर्ण लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करा. ग्रुपची यादी लॉगइनच्या वेळी एकदाच घेतली जाते आणि त्या सत्रातला प्रत्येक प्रोग्राम तीच घेऊन चालतो. नवी टर्मिनल खिडकी उघडून भागत नाही, आणि टीमक्स किंवा स्क्रीन या सत्र चालू ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये आठवडाभर चालू असलेलं सत्र तर जुन्याच यादीवर असतं. घाई असेल तर ‘न्यूजीआरपी नकाशागट’ दिल्यावर त्या एका शेलपुरतं काम होतं. ही कमांड जुन्या काळातली, एका वेळी एकाच ग्रुपमध्ये असता यायचं तेव्हाची. एकाच वेळी अनेक ग्रुपांत असण्याची सोय १९८३ मध्ये ४.२ बीएसडीनं आणली.

उलट बाजूही तितकीच खरी: एखाद्याला ग्रुपमधून काढलं, तरी त्याचे आधीपासून चालू असलेले प्रोग्राम जुन्या हक्कांनीच चालत राहतात. उघडून ठेवलेली फाइलही, नंतर परवानगी काढली तरी, बंद होईपर्यंत त्याच्या हातात राहते.

‘यूजरमॉड’मधला तो लहान ‘ए’ इतका महत्त्वाचा का?

कारण तो राहिला तर नवा ग्रुप जोडला जात नाही, जुनी यादी पुसून त्या जागी फक्त नवा ग्रुप येतो. माझ्याच खात्याच्या बाबतीत हे एकदा झालं. सुडोचा ग्रुप गेला, मशीनवर दुसरा ॲडमिन नव्हता, आणि रिकव्हरी मोडमधून चालू करून ते परत लावावं लागलं. तोवर सगळ्यांचं काम थांबलं. तेव्हापासून मी ‘जीपासडब्ल्यूडी -ए’, पुढे खातं, पुढे ग्रुप, अशी कमांड वापरते. ती फक्त जोडते. काढायचं असेल तर तीच ‘-डी’ लावून. मोठा ए दिला तर त्या ग्रुपचा कारभारी नेमता येतो, म्हणजे सदस्य जोडण्या-काढण्यासाठी दर वेळी ॲडमिनकडे यावं लागत नाही.

फाइल सामायिक फोल्डरमध्ये हलवली, पण तिचा ग्रुप जुनाच राहिला.

हलवली म्हणूनच. सेटजीआयडी नव्यानं जन्मणाऱ्या फाइलींना लागतो. ‘एमव्ही’ फाइल नव्यानं करत नाही, यादीतलं नाव इकडून तिकडे नेते. ‘सीपी’ केलं असतं तर नवी फाइल झाली असती आणि फोल्डरचा ग्रुप मिळाला असता, अर्थात ‘-पी’ किंवा ‘-ए’ न लावता. हलवून आणलेल्या फोल्डरला सेटजीआयडीही लागत नाही, म्हणून त्याच्या आत पुढे होणाऱ्या सगळ्या फाइली चुकीच्या ग्रुपच्या होत जातात. आर्सिंक हा फाइली कॉपी करणारा प्रोग्राम ‘-ए’ लावून चालवला तरी हेच. तिथे ‘--नो-ग्रुप’ लावा.

माझी फाइल सहकाऱ्याच्या नावे करून देता येईल?

नाही, ‘सीएचओन’नं मालक बदलणं लिनक्सवर फक्त रूटला जमतं. नाहीतर स्वतःची जागा संपली की फाइली दुसऱ्याच्या खात्यावर टाकता आल्या असत्या. ग्रुप मात्र मालकाला बदलता येतो, पण तो स्वतः ज्या ग्रुपमध्ये आहे त्याच ग्रुपला. सहकाऱ्यानं फाइलची प्रत केली तर ती प्रत त्याच्या नावे होते. बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

सगळ्यावर ७७७ करून टाकलं तर कटकट संपेल ना?

कृपा करून करू नका. हे मी कळकळीनं सांगते आहे.

७७७ म्हणजे मशीनवरच्या प्रत्येक खात्याला आणि प्रत्येक प्रोग्रामला, वेब सर्व्हरसाठी चालणाऱ्या खात्यालाही, तुमच्या फाइली बदलण्याची मोकळीक. शिवाय साध्या मजकुराच्या फाइलींनाही चालवण्याचा बिट लागतो. आणि त्यानं कटकट संपतच नाही: उद्या होणारी नवी फाइल पुन्हा यूमास्कप्रमाणेच होणार, म्हणजे परवा पुन्हा ७७७.

होमवर चालवलं तर आणखी वाईट. एसएसएच, म्हणजे दूरच्या मशीनवर लॉगइन करण्याचा प्रोग्राम, खासगी किल्लीची फाइल इतरांना वाचता येत असेल तर ती वापरायला नकार देतो. होम किंवा त्यातलं एसएसएचचं फोल्डर ग्रुपला वा इतरांना लिहिता येत असेल तर सर्व्हरही किल्लीनं लॉगइन होऊ देत नाही. दूरच्या मशीनवर हे केलं आणि बाहेर पडलात, तर परत आत यायची वाट बंद.

करून झालंच असेल तर फोल्डर आणि फाइली वेगवेगळ्या दुरुस्त करा. ‘फाइंड नकाशे -टाइप डी -एक्झेक सीएचमॉड २७७० {} +’ आणि मग ‘फाइंड नकाशे -टाइप एफ -एक्झेक सीएचमॉड ६६० {} +’. स्क्रिप्ट असतील तर त्यांना एक्स नंतर हातानं द्या. ‘सीएचमॉड -आर जी+आरडब्ल्यूएक्स’ ही एरवी उत्तम कमांड आहे. तिच्यातला ‘-आर’ आणि शेवटचा एक्स मोठे. मोठा एक्स फक्त फोल्डरांना आणि आधीच कुणाला तरी चालवता येणाऱ्या फाइलींना लागतो. पण ७७७ नंतर प्रत्येक फाइल ‘आधीच चालवता येणारी’ झालेली असते, म्हणून तेव्हा ती उपयोगाची नाही.

मी नुसती सेव्ह केली आणि फाइलचा मालक मी झाले. काही चुकलं का?

नाही. वर सांगितलं तसं एडिटरनं नवी फाइल लिहून जुनीच्या जागी ठेवली, आणि नवी फाइल तुमची. सेटजीआयडी आणि यूमास्क नीट असतील तर कुणालाच फरक पडत नाही. सामायिक फोल्डरमध्ये मालक कोण याकडे बघणं सोडून द्या, ग्रुप बघा.

माझं होम इतरांना दिसतं का?

‘एलएस -एलडी’ आणि पुढे होमचा पत्ता देऊन बघा. बरीच वर्षं अनेक वितरणांत ते ७५५ असायचं, म्हणजे सगळ्यांना वाचायला खुलं. उबुंटूनं २१.०४ पासून नव्या खात्यांसाठी ७५० केलं. जुनी मशीन अपग्रेड करत आणली असेल तर जुनी होम तशीच राहिलेली असतात. खासगी ठेवायचं असेल तर ७००.

ॲडमिनला माझं सगळं वाचता येतं?

हो. रूटला वाचण्या-लिहिण्याच्या परवानग्या अडवत नाहीत. ज्या गोष्टी त्याच्याही नजरेस पडू नयेत त्या एनक्रिप्ट करा, आणि उघडण्याचं काम दुसऱ्या मशीनवर करा.

एक जण काम सोडून गेला. त्याचं खातं काढल्यावर मालकाच्या जागी नुसता आकडा दिसतो.

डिस्कवर नाव कधीच नसतं, फक्त यूआयडीचा, म्हणजे खात्याच्या क्रमांकाचा, आकडा असतो. दाखवताना त्याचं नाव शोधलं जातं. खातं गेलं की नाव सापडत नाही. धोका पुढे आहे: तोच आकडा नव्या माणसाला मिळाला, तर जुन्याच्या सगळ्या फाइली त्याच्या होतात, कुणी काही न करता. म्हणून खातं काढण्याआधी फाइली कुणाच्या तरी नावे करा, किंवा खातं काढूच नका, त्याचं लॉगइन बंद करा. मी दुसरं करते. राहिलेल्या फाइली ‘फाइंड / -नोयूजर’ देऊन सापडतात, तसंच ग्रुपसाठी ‘-नोग्रुप’.

एका मशीनची डिस्क दुसऱ्याला लावल्यावर अनोळखी माणसं मालक दिसतात तेही यामुळेच. इथला १००१ आणि तिथला १००१ वेगळी माणसं.

पेनड्राइव्हवर सीएचमॉड चालत नाही.

फॅट आणि एक्सफॅट या पेनड्राइव्हवरच्या नेहमीच्या फाइल पद्धतींत मालक-ग्रुप साठवायला जागाच नाही. डिस्क जोडताना जे ठरेल तेच सगळ्या फाइलींना लागतं. परवानग्यांसकट फाइली न्यायच्या असतील तर टार फाइल (सगळ्या फाइलींचं एकत्र गाठोडं) करून न्या.

मी वीस ग्रुपांत आहे. नेटवर्कवरच्या डिस्कवर काही ग्रुप चालतात, काही नाहीत.

एनएफएस म्हणजे नेटवर्कवरून फाइली वाटण्याची पद्धत. तिच्या नेहमीच्या ओळख पद्धतीत प्रत्येक विनंतीबरोबर जास्तीत जास्त १६ ग्रुप जातात. बाकीचे गळतात, कसलीही सूचना न देता. लिनक्स स्वतः एका प्रोसेसला ६५,५३६ पर्यंत ग्रुप देऊ शकतो, म्हणून मशीनवर सगळं ठीक दिसतं. सर्व्हरनं ग्रुपची यादी स्वतःच शोधावी अशी सोय असते, ती ॲडमिनला चालू करायला सांगा. नाहीतर ग्रुप कमी करा.

सामायिक गिट रिपॉझिटरीत पुश करताना मध्येच परवानगीची चूक येते.

रिपॉझिटरी करतानाच ‘गिट इनिट --बेअर --शेअर्ड’ द्यायला हवं होतं. झालेल्या रिपॉझिटरीत ‘कोअर.शेअर्डरिपॉझिटरी’ची किंमत ‘ग्रुप’ करा, मग ग्रुप आणि फोल्डरांचा सेटजीआयडी एकदा दुरुस्त करा. पुढे गिट स्वतः यूमास्ककडे दुर्लक्ष करून ग्रुपला लिहिता येईल असं ठेवतो.

मॅक आणि विंडोजवर हेच लागू होतं का?

मॅकवर नवी फाइल कायमच फोल्डरचा ग्रुप घेते, सेटजीआयडी लागत नाही. पण साध्या खात्यांचा प्राथमिक ग्रुप एकच, ‘स्टाफ’, आणि यूमास्क ०२२. म्हणून तिथे यूमास्क सैल करण्यापेक्षा एसीएल बरे. विंडोजमध्ये एनटीएफएसवर सगळं एसीएलवरच चालतं आणि फाइल सहसा फोल्डरचे नियम वारशानं घेते. त्याच ड्राइव्हवर हलवलेली फाइल स्वतःचे वेगळे नियम बरोबर नेते, कॉपी केलेली नव्या फोल्डरचे घेते. एमव्ही आणि सीपीची तीच गोष्ट.

सगळं उभारलं. नीट झालं हे कसं तपासू?

ॲडमिनच्या खात्यातून तपासू नका, तिथून सगळंच चालतं. दोन साधी खाती घ्या. ‘सुडो -यू’ आणि पुढे पहिलं खातं देऊन ‘टच’नं एक फाइल करा आणि ‘एमकेडीआयआर’नं एक आतलं फोल्डर करा. पण यात त्या माणसाचा स्वतःचा यूमास्क लागेलच असं नाही, म्हणून शक्य असेल तर त्यालाच बोलवा आणि रोजच्या प्रोग्राममधून फाइल करायला सांगा. दुसऱ्या खात्यातून ती फाइल उघडा, एक ओळ घाला, सेव्ह करा. आतल्या फोल्डरमध्ये नवी फाइल करा. मग पहिल्यानं त्या दोन्ही पुन्हा बदलून बघायच्या. ग्रुपमध्ये नसलेल्या तिसऱ्या खात्यातून फोल्डरची यादी मागा. तिथे ‘परमिशन डिनाइड’ आलं पाहिजे.